पुडीवर झिंगा, कोपऱ्यात हिरवा ठिपका : आत नेमकं काय असतं?

दिवाळीत माझी भाची नागपूरहून साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी आली, तेव्हा पिशवीत दोन वेगळ्या पुड्या घेऊन आली. एक होती हवा भरून टम्म फुगलेली. तिच्यावर लांब मिशांचा लालभडक झिंगा छापलेला होता आणि कोपऱ्यात शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. दुसरीत नखासारख्या कडक, अर्धपारदर्शक चकत्या होत्या, तळून खायच्या. त्या पुडीवर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण होता.

माझी मोठी आई माळकरी. तिनं चष्मा वर सरकवून पहिली पुडी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "याच्यावर तं हिरवा ठिपका आहे. मंग झिंग्याचा फोटो कायले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कोकणातले लोक जिला कोळंबी म्हणतात तोच आमचा झिंगा. भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या पट्ट्यात तो कोणाला नवा नाही. पण झिंग्याच्या, खेकड्याच्या, 'कोरियन' चवीच्या पुड्या आता तालुक्याच्याच नाही तर गावातल्या किराणा दुकानातही लटकलेल्या दिसतात. मुलं त्या आवडीनं खातात आणि घरातली मोठी माणसं विचारतात: यात खरंच झिंगा आहे का? मासळीचा पदार्थ म्हणजे ताकदीचा असेल ना? पुडीच्या दर्शनी भागावर मीठ, साखर आणि चरबीबद्दल ठळक इशारा छापावा का, हा वाद तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. तोवर पुडी आपल्याला वाचता आली पाहिजे, म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

साबुदाण्याच्या पापडाचा सख्खा भाऊ

आधी त्या तळायच्या चकत्यांकडे पाहू, कारण या सगळ्या प्रकाराचं मूळ त्यांच्यात आहे. इंडोनेशियात त्यांना क्रुपुक म्हणतात, मलेशियात केरोपोक. कसावा नावाच्या कंदाचं पीठ, वाटलेला झिंगा, मीठ आणि थोडी साखर एकत्र मळतात. त्याचे जाड लोळे करून वाफवतात. लोळे गार होऊन घट्ट झाले की पातळ चकत्या कापतात आणि त्या उन्हात खडखडीत वाळवतात.

कसावा म्हणजे परका कंद वाटेल, पण एकादशीला आपण जो साबुदाणा भिजवतो तो ह्याच कंदाच्या पिठाचा असतो. तमिळनाडूतलं सेलम त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या अंगणात वाळणारा साबुदाण्याचा पापड आणि जावा बेटावरच्या अंगणात वाळणारी झिंग्याची चकती, दोघांचं पीठ एकच. झिंगा काढून टाकला तर जिन्नसही जवळपास तोच राहतो.

कृतीही तीच आहे. कुरोड्या करताना गहू भिजवून, वाटून आपण जो चीक काढतो, त्याला शास्त्रात स्टार्च म्हणतात. धान्यानं किंवा कंदानं स्वतःसाठी साठवून ठेवलेलं ते पिठूळ सत्त्व. चीक पाण्यात शिजवला की त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चकचकीत खळ तयार होते. ती सोऱ्यातून घालून वाळवली की खळ आक्रसून काचेसारखी कडक होते. पण ती पूर्ण कोरडी कधीच होत नाही. चांगल्या वाळलेल्या कुरोडीत किंवा क्रुपुकमध्येही दहा-बारा टक्के पाणी आत अडकून राहतं. हाताला ते जाणवत नाही, पण पुढची सगळी जादू त्याच पाण्याची.

भाचीनं आणलेली एक चकती मी तापल्या तेलात सोडली. आधी ती तळाला गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या कडा थरथरल्या, पोटात पांढरे ढग उठल्यासारखे दिसले आणि बघता बघता ती वेडीवाकडी फुलत वर आली. पाच आकडे मोजायच्या आत सगळं आटोपलं. नखाएवढ्या पातळ चकतीचं तळहाताएवढं फूल झालं होतं.

झालं असं, की तापलेल्या तेलात ती खळ पुन्हा मऊ पडली आणि त्याच क्षणी आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जास्त जागा मागते. मऊ झालेल्या भिंतींना ढकलत ती बाहेर पडते आणि मागे हजारो बारीक पोकळ्या ठेवून जाते. बाहेर निघाल्यावर भिंती गार होऊन कडक होतात. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफ एकदम होत नाही, चकती फुलत नाही आणि नुसती तेल पीत बसते. वाळवण नीट वाळलं नसेल तरी बिघडतं आणि फार कोरडं झालं असेल तरीही बिघडतं. आमच्याकडच्या बाया कुरोडी मोडून तिच्या आवाजावरून वाळली की नाही ते ओळखतात, त्या खरं तर हेच पाणी मोजत असतात.

मग ती फुगलेली पुडी?

ती वेगळ्या घराण्यातली. झिंग्याच्या चिप्स म्हणून जे विकलं जातं त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, वर सांगितलेला क्रुपुक. दुसरा, गव्हाच्या पिठात झिंगे मिसळून केलेल्या कांड्या. जपानमध्ये कॅल्बी कंपनीनं १९६४ साली 'काप्पा एबिसेन' नावानं त्या आणल्या आणि कोरियात नोंगशिमनं १९७१ साली 'सेउक्कांग' आणलं. दोन्ही आजही तिकडे घराघरांत खाल्ल्या जातात. या दोन्ही प्रकारांत झिंगा खरा असतो, कमी असला तरी.

तिसऱ्या प्रकारात मात्र झिंगा नसतोच. बटाटा, मका किंवा तांदळाच्या फुलवलेल्या कुरकुऱ्यावर झिंग्याच्या चवीचा मसाला भुरभुरलेला असतो. मुलं बोटांत अंगठ्यांसारखे घालून खातात ते पोंगे आठवा. त्यांच्यावर टोमॅटो मसाल्याऐवजी झिंगा मसाला टाकला, एवढाच काय तो फरक. ब्रिटनमध्ये 'प्रॉन कॉकटेल' चवीच्या बटाटा चिप्स वर्षानुवर्षं खपतात, आणि त्यांतल्याही अनेक चिप्समध्ये झिंगा नावालाही नसतो. मोठ्या आईच्या हातातली पुडी याच तिसऱ्या जातीची होती.

झिंगा नसताना झिंग्याची चव कुठून येते?

हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून थोडं रेंगाळतो.

आपण जिला 'चव' म्हणतो ती थोडी जिभेवर असते आणि बरीचशी नाकात. सर्दी झाल्यावर जेवण पांचट लागतं ते म्हणूनच. सुके झिंगे तव्यावर भाजताना घरभर जो वास सुटतो, तो त्यांतले प्रथिनांचे तुकडे आणि साखरेचे अंश उष्णतेनं एकत्र येऊन तयार होतो. भाकरीला पापुद्रा खरपूस होताना किंवा शेंगदाणे भाजताना घडतं तेही हेच. लुई कामिल मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ही क्रिया सांगितली. वासाचे हे रेणू माहीत झाले की ते झिंग्याशिवायही बनवता येतात, आणि चव बनवणारे कारखाने तेच करतात.

जिभेकडची बाजूही तितकीच रंजक आहे. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडे पाचवी चव असते हे १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी दाखवलं. समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून त्यांनी ग्लुटामेट नावाचा पदार्थ वेगळा काढला आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. मटणाच्या रश्श्याला, सुक्या मासोळीला, चांगल्या पिकलेल्या टोमॅटोला जी भरीव, जिभेवर रेंगाळणारी चव असते ती ही. पुढे १९१३ साली शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट हा तसाच दुसरा पदार्थ सापडला. नंतर कळलं, की हे दोन्ही पदार्थ एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. एका हातानं टाळी वाजत नाही, दोन्ही हात लागतात, तसंच हे.

आता आपलं वांग्याचं कालवण आठवा, ज्यात टोमॅटो चिरून घालतात आणि वरून मूठभर सुके झिंगे. टोमॅटोत ग्लुटामेट आणि सुक्या मासळीत त्याचा जोडीदार. त्या भाजीला भात दोन घास जास्त का जातो, याचं उत्तर मिळालं. आपल्या आज्यांना रेणूंची नावं ठाऊक नव्हती, पण जोडी मात्र अचूक ठाऊक होती.

पुडीतही हीच जोडी असते, फक्त नाव बदलून. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'आयएनएस ६२१' (खाण्यात घालायच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहिलेलं असेल तर ते ग्लुटामेट, म्हणजे साधा अजिनोमोटो. '६२७' आणि '६३१' हे त्याचे जोडीदार. कधी 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' असतं, म्हणजे खमिराचा अर्क, त्यातही ग्लुटामेट असतं. त्यावर मीठ, थोडी साखर, कांदा-लसूण पूड आणि बनवलेला वास टाकला की मेंदूला झिंगा खाल्ल्याचं समाधान मिळतं.

पण ६३१ म्हणजे डुकराची चरबी ना?

हा मेसेज तुमच्याही मोबाइलवर आला असेल. ६३१ म्हणजे चरबी नाहीच, तर वर सांगितलेलं इनोसिनेट आहे. ते मांसापासून किंवा माशापासून काढता येतं, आणि साखर किंवा कसाव्याच्या स्टार्चवर जिवाणू वाढवून, आंबवूनही बनवता येतं. आज कारखान्यांत दुसरी पद्धत सर्रास वापरतात. नुसत्या आकड्यावरून मूळ कळत नाही, ते ठिपक्यावरून कळतं. आपल्या कायद्यानुसार दूध, मध अशा मोजक्या गोष्टी वगळता प्राण्यापासून मिळालेला कोणताही घटक पदार्थात असेल, मग तो माशाचा असो की अंड्याचा, तर मांसाहाराची खूण छापावीच लागते. पूर्वी ती तपकिरी गोल ठिपक्याची होती. रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांनाही फरक दिसावा म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी ती चौकटीतल्या तपकिरी त्रिकोणाची केली. हिरवी खूण गोलच राहिली.

म्हणून मोठ्या आईला मी सांगितलं, "मोठी आई, यात झिंगा नाही. फोटो चवीचा आहे." तिनं पुडी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "वास तं पक्का झिंग्याचाच येते." तेही खरंच होतं.

अजिनोमोटोबद्दलही भीती बरीच आहे. तिची सुरुवात १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून झाली. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो असं त्यात एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्यानंतर खाणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही ठाऊक नाही अशा पद्धतीनं चाचण्या झाल्या. जेवणात असतं तेवढ्या प्रमाणात हा त्रास सातत्यानं दिसून आला नाही. माझ्या मते पुडीतलं ग्लुटामेट ही चिंतेची पहिली गोष्ट नाही. चिंता दुसऱ्याच दोन गोष्टींची करायला हवी, त्यांच्याकडे येतोच.

कुर्रर्र आवाजात एवढं काय आहे?

चिप्स आवडण्याचं निम्मं कारण कानात आहे. ऑक्सफर्डमधले चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झाम्पिनी यांनी लोकांना हेडफोन लावून चिप्स खायला दिल्या. चावल्याचा आवाज हेडफोनमध्ये मोठा आणि धारदार केला की लोक म्हणायचे, ही चिप्स जास्त कुरकुरीत, जास्त ताजी आहे. चिप्स मात्र प्रत्येक वेळी त्याच होत्या. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुरकुरीतपणा आपण दातांनी अनुभवतो त्याच्या बरोबरीनं कानांनीही ऐकतो.

तो आवाज त्या हजारो पोकळ्यांच्या पातळ, काचेसारख्या भिंती एकामागून एक फुटल्याचा असतो. आणि इथं आपला पावसाळा आडवा येतो. हवेतलं पाणी या भिंतींत शिरलं की त्या काचेसारख्या न राहता रबरासारख्या होतात, वाकतात पण फुटत नाहीत. पापड सादळतो तो असाच. सादळलेल्या चिप्स कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या, आवाज परत येतो. गरम असतानाच चाखून 'नाही झालं' म्हणू नका, कडकपणा गार झाल्यावरच येतो. तेल खवट झालं असेल तर मात्र इलाज नाही, टाकून द्या. पुडीत नायट्रोजन वायू भरतात तोही याच खवटपणासाठी. प्राणवायू बाहेर ठेवला की तेल लवकर बिघडत नाही आणि चिप्सचा प्रवासात चुराही होत नाही. 'निम्मी पुडी हवाच' अशी तक्रार आपण करतो, त्यात कंपनीचा फायदा असेलही, पण हवा काढून टाकली तर साकोलीला पोचेपर्यंत हातात भुगाच येईल.

फुललेल्या पदार्थाची आणखी एक गंमत आहे. तोंडात टाकला की दोन चाव्यांत तो विरघळतो. दिसायला ताटभर, तोंडात काहीच नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला चघळणं लागतं, वेळ लागतो. इथं दोन्ही मिळत नाहीत, म्हणून हात पुन्हा पुन्हा पुडीत जातो. यात खाणाऱ्याच्या संयमाचा दोष कमी आणि पदार्थाच्या बांधणीचा वाटा जास्त.

बरं, यात ताकद किती?

आता आकडे. ते ढोबळ आहेत, पुडीगणिक थोडे बदलतात.

तळलेल्या झिंग्याच्या चिप्सच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५३० कॅलरी असतात. त्यात तीसेक ग्रॅम तेल असतं, म्हणजे वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा. प्रथिनं अवघी दोन ते चार ग्रॅम. तीस ग्रॅमची लहान पुडी खाल्ली तर १६० च्या आसपास कॅलरी होतात, सव्वाशे ग्रॅम शिजवलेल्या भाताएवढ्या. फरक हा, की भात खाल्ल्याचं पोटाला कळतं. त्या पुडीत चहाचे दोन चमचे तेल असतं आणि प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. तीस ग्रॅम फुटाण्यांतही सहाच्या आसपास.

झिंग्याचा क्रुपुक खऱ्या झिंग्याचा असूनही असं का? कारण पिठात झिंगा वाढवला की चकती नीट फुलत नाही. फुलण्याचं काम स्टार्चचं आहे आणि प्रथिनं त्या कामात अडथळा आणतात. म्हणजे पौष्टिक करायला जावं तर कुरकुरीतपणा जातो आणि कुरकुरीतपणा राखावा तर पोषण कमी राहतं. हे भांडण त्या पदार्थाच्या पोटातच आहे.

मिठाचा हिशोब करायला एक युक्ती आहे. पुडीवर मीठ लिहिलेलं नसतं, 'सोडियम' लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर दोन ग्रॅम मीठ झालं. तीस ग्रॅमच्या पुडीत ०.६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावं. म्हणजे एक पुडी दिवसाच्या मर्यादेचा आठवा हिस्सा खाते. लोणचं, पापड, भाजी, वरण हे सगळं त्याच्या वर. चिंतेच्या दोन गोष्टी म्हटल्या त्या याच : मीठ आणि तेल. तेल बहुधा पामचं असतं, आणि पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे रोज जास्त खाल्ली तर हृदयाला जड जाणारी असते.

आता याच्या शेजारी आठवडी बाजारात गोणपाटावर ढीग घालून बसलेल्या ढिवर बाईकडचे सुके झिंगे ठेवून पाहा. त्यांतलं पाणी निघून गेलेलं असल्यामुळे १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. सालासकट खाल्ले तर कॅल्शियमही भरपूर. मूठभर, म्हणजे पंधरा ग्रॅम झिंगे अंबाडीच्या भाजीत पडले तर नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं घरात आली. फक्त घेताना पाहून घ्यावेत. वास खमंग हवा, उग्र अमोनियासारखा नको. डोकी आणि मिशा खुडून, कोरडे भाजून, मग पाण्यात दोनदा खंगाळले की वाळू आणि जास्तीचं मीठ दोन्ही निघतं. आमच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांच्या पट्ट्यात मुलाला 'झिंग्याची ताकद' मिळावी म्हणून कोणी रंगीत पुडी घेत असेल, तर मला खरंच वाईट वाटतं. ती ताकद बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गोणपाटावर पडलेली आहे.

'पण समुद्रातला पदार्थ, ओमेगा-३ तरी असेल?'

नसतं म्हटलं तरी चालेल. ओमेगा-३ माशाच्या चरबीत असतं. झिंग्यात मुळातच चरबी कमी, त्यात पुडीत झिंगा थोडा, आणि जी चरबी आहे ती तळणाच्या तेलाची.

'तळलेलं नाही, भाजलेलं आहे असं लिहिलंय'

चांगलंच आहे, पण मागे 'टोटल फॅट'चा आकडा वाचा. भाजलेल्या कुरकुऱ्यांवर मसाला चिकटावा म्हणून वरून तेल फवारतात. काहींत खरंच निम्मं तेल असतं, काहींत फरक किरकोळ असतो. घटकांची यादीही पाहा. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. झिंगा शेवटच्या ओळीत मिठाच्याही नंतर असेल तर तो किती आहे हे वेगळं विचारायला नको.

तेलाशिवाय फुलवण्याचा एक जुना रस्ता मात्र खराखुरा आहे. जावा बेटावरच्या चिरेबोनमध्ये क्रुपुक गरम वाळूत फुलवतात. वाचताना मला आपली मुरमुऱ्यांची भट्टी डोळ्यांपुढे आली. तिथंही तापलेल्या वाळूत तांदूळ पडतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि चाळणीतून वाळू खाली, मुरमुरा वर. समुद्रापलीकडच्या माणसानं आणि आपल्या भट्टीवाल्यानं एकच युक्ती शोधली.

'म्हणजे मुलांना द्यायचंच नाही?'

द्यावं. ही पुडी विष नाही, आणि पोरांच्या तोंडातला कुरकुरीत आनंद हिरावून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. फक्त वेळ पाहावी. चार-पाच वर्षांच्या मुलाचं पोट छोटं असतं. जेवणाआधी पुडी गेली की जेवणाची जागा तिनं घेतली, आणि वरण-भाताबरोबर जी प्रथिनं जायची होती ती गेलीच नाहीत. जेवणानंतर वाटीत काढून चार चिप्स दिल्या तर तेवढ्यावर भागतं. अख्खी पुडी हातात दिली तर संपेपर्यंत हात थांबत नाही, याचं कारण वर आलंच आहे. वाटीत फुटाणे किंवा शेंगदाणे मिसळले तर आणखी बरं. आमच्या घरी हा प्रयोग चालतो, मुलं आधी चिप्स वेचतात आणि मग दाणेही संपवतात.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नये

झिंग्याची अ‍ॅलर्जी. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, घसा दाटणं, श्वास लागणं, ही तिची लक्षणं आहेत. झिंग्यातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन तिला मुख्यतः कारणीभूत असतं, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. उकळा, भाजा, तळा, ते टिकून राहतं. म्हणून क्रुपुकमध्ये झिंगा थोडा असला तरी ज्याला त्रास आहे त्याला तो थोडाही पुरतो. पुडीवर अ‍ॅलर्जीची सूचना वेगळी छापलेली असते, कवचवाल्या जलचरांचा उल्लेख त्यात असावाच लागतो. 'याच कारखान्यात झिंग्याचे पदार्थही बनतात' अशी ओळ कधी हिरव्या ठिपक्याच्या पुडीवरही सापडते. घसा दाटला किंवा श्वास अडकला तर घरगुती उपाय करत न बसता १०८ ला फोन लावून दवाखाना गाठायचा.

कढईतलं तेलही इथं मोजायला हवं. ज्या तेलात झिंग्याची चकती तळली त्या तेलात तिचे अंश उतरतात. मग त्याच तेलात पुरी तळली तरी ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला त्रास होऊ शकतो.

हे मी भाचीला सांगत होतो, ती चकत्यांची पुडी फोडून उभी होती. मोठी आई दारातून ऐकत होती. ती आत गेली, उन्हाळ्यात केलेल्या साबुदाण्याच्या पापडांचा डबा घेऊन आली आणि कढईजवळ ठेवत म्हणाली, "मंग माझे पापड पहिले तळ, माय. तुझे ते मागून."

भाचीनं आधी पापड सोडले. ते तळाला गेले, थरथरले आणि पांढरेशुभ्र फुलून वर आले.